बरोबरी : हेही पाहा

ज्या घरात सूचीकार राहतो त्या घरात काही हरवत नाही, असा लोकांचा भाबडा समज असतो. मिरजेच्या शैलजा मगदूमने उभा जन्म ग्रंथालयात सूची करण्यात घालवला होता. कोणतं पुस्तक कोणत्या विषयाखाली, कोणत्या कपाटात, हे ठरवणं हा तिचा धंदा. तरीही त्या महिन्यात तिच्या घरातून गळ्यात बांधायची बोलपट्टी तीनदा हरवली आणि तिन्ही वेळा तांदळाच्या डब्यात सापडली. चोर शोधायला पोलिसांची गरज नव्हती. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा जोतीराम. तांदळाचा डबा कुठे असतो हे जोतीरामला माहीत झालं, हीच खरं तर इतक्या वर्षांच्या संसारातली बातमी होती.

“अहो, उद्या परिषदेचे परीक्षक यायचेत,” पट्टीवरचे तांदळाचे कण फुंकून उडवत ती म्हणाली. “उद्याच्या दिवस तरी गळ्यात ठेवा. मग हवी तर डाळीच्या डब्यात घाला.”

जोतीराम खिडकीशी बसला होता. त्याचा लुळा उजवा हात मांडीवर होता. त्याने डावा हात पुढे केला आणि म्हणाला, “छत्री.”

बाहेर लख्ख ऊन होतं. छत्री म्हणजे काय, हे शैलजाला आठवेना. त्याच्या अशा चुकीच्या शब्दांची सूची तिनेच केलेली, पण दोन हजार नोंदी पाठ कोण ठेवणार? तिने चहा करून आणला. त्याने मान हलवली. ती पाणी घेऊन आली. शेवटी त्याने वैतागून टेबलाकडे बोट दाखवलं, तेव्हा कळलं की हवा होता चष्मा. चहा मात्र त्याने सोडला नाही, तोही पिऊन टाकला.

दोन वर्षांपूर्वी जोतीरामच्या मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात गेला, चालणं काठीवर आलं. ते एक वेळ चाललं असतं, पण शब्द विस्कटले. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं की अशा माणसाला काय म्हणायचंय ते पक्कं ठाऊक असतं. वस्तू ओळखू येते, तिचा उपयोग कळतो. फक्त तिचं नाव आणायला मेंदू जातो तेव्हा भलत्याच फळीवरचा शब्द हाताला लागतो. शैलजाला हे कळायला वेळ लागला नाही. चुकीच्या फळीवर लागलेलं पुस्तक आणि जळून गेलेलं पुस्तक यांत काही फरक नसतो, हे ग्रंथालयात पहिल्याच वर्षी शिकवतात.

आणि हे घडावं तरी कुणाच्या बाबतीत? जोतीराम मगदूम म्हणजे कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. सांगली-कोल्हापूरकडे जत्रेचं मैदान भरलं की पैलवान कोण हे नंतर विचारत, आधी विचारत, “माईकवर मगदूम हाय न्हवं?” हलगी कडाडायची, आणि तिच्याही वर त्याचा आवाज चढायचा: “आला आला आला, पटाला आला! धरला... न्हाई, सुटला गडी!” घरी तर त्याला माईकही लागत नसे. शैलजा दिवसाकाठी बोलायची तेवढे शब्द तो दात घासता घासता संपवायचा. आता तोच माणूस छत्री म्हणत बसला होता, आणि घरातली शांतता तिला सहन होत नव्हती.

म्हणून तिने बोलपट्टी केली. ती काही एकटीची करामत नव्हती. नियाज म्हणून तिचा एक जुना विद्यार्थी होता. त्याचे वाडवडील सतारी बनवत आले, हा मात्र इलेक्ट्रॉनिक्सकडे वळला. गळ्याला बांधायची नाजूक पट्टी त्याने घडवली. गळ्याच्या स्नायूंची हालचाल, तोंडातून निघालेला शब्द, समोर काय आहे, वेळ कोणती, हे सगळं ती टिपायची. मेंदूच्या चुकाही सवयीच्या असतात. रोज एकच शब्द एकाच जागी चुकतो. त्या माणसाच्या पूर्वीच्या बोलण्याची भलीमोठी सूची जवळ असली, तर त्या सवयीवरून पट्टी खरा शब्द हुडकू शकत होती. तो सापडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती तो मोठ्याने बोलायची, आणि तेही त्याच माणसाच्या जुन्या आवाजात. माणसाने नुसतं पुटपुटायचं.

अट एकच होती. त्या माणसाचं जुनं बोलणं भरपूर हवं. त्या बाबतीत जोतीरामइतका श्रीमंत माणूस सगळ्या जिल्ह्यात नव्हता. शौकिनांनी वर्षानुवर्षं मैदानांची चित्रणं टिपून इंटरनेटवर ठेवली होती. यंत्राने ती ऐकली, शब्द वेगळे केले, त्याच्या आताच्या चुकांशी ताडले आणि नोंदी सुचवल्या. शैलजाने त्या तपासून मान्य केल्या. छत्री, पाहा चष्मा. हलगी, पाहा चहा. अशा दोन हजार.

पहिल्या दिवशी पट्टीतून “शैला, चहा दे की” असा खणखणीत आवाज आला तेव्हा ती स्वयंपाकघरातच पोटभर रडली होती. त्याला आता आठ महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक धामणकर पुण्याहून आले. ते दख्खन माहितीशास्त्र परिषदेचे परीक्षक. परिषदेचा सुवर्णसूची पुरस्कार म्हणजे या धंद्यातला सगळ्यात मोठा मान. शिवाय बोलपट्टीला तो मिळाला तर ती जिल्हा रुग्णालयांतून मोफत द्यायची, असं आरोग्य खात्याने कळवलं होतं. नियाज सकाळपासून घाम पुसत होता.

धामणकरांनी चित्रं दाखवली, वस्तू दाखवल्या, प्रश्न विचारले. जोतीराम खाली मान घालून पुटपुटत होता आणि पट्टी खडाखडा बोलत होती. कुलूप, कंदील, भाकरी, बैलगाडी. “शंभरात सत्त्याण्णव!” धामणकर खूश झाले. “बाई, अहो, आमच्या विद्यार्थ्यांना एवढे शब्द धड येत नाहीत.” मग त्यांनी शैलजाकडे हात केला. “आता शेवटचं. या कोण?”

जोतीरामने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याची मान वर झाली.

“बरोबरी,” तो म्हणाला.

“शैलजा,” पट्टी म्हणाली.

“वा!” धामणकरांनी कागदावर खूण केली.

“न्हाई.” जोतीरामने डाव्या हाताने मांडीवर शड्डू ठोकला. “बरोबरी!”

“नाही. शैलजा!” पट्टीनेही त्याच ठसक्यात सांगितलं.

धामणकर हसले, नियाजही हसला. हसू येण्यासारखंच होतं ते. जोतीराम जे नाकारतोय तेच पट्टी त्याच्या तोंडून वदवून घेत होती. तो पुन्हा काहीतरी म्हणाला, पट्टी पुन्हा शैलजा म्हणाली. मग त्याने एका हाताने ओढून ती गळ्यातून काढली, टेबलावर आपटली आणि काठी टेकत आतल्या खोलीत निघून गेला. शैलजाला हसू आलं नाही. तिला अचानक ग्रंथालयातली फार जुनी एक दुपार आठवली.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. कार्डांच्या खणांपाशी एक धिप्पाड माणूस हातात एक कार्ड नाचवत उभा होता.

“बाई, कुस्ती म्हणून शोधलं तर हितं लिव्हलंय, ‘पाहा मल्लविद्या’. म्हंजे काय?”

“म्हणजे आमच्याकडे तो विषय मल्लविद्या या नावाने लावलाय. तिकडे बघा.”

“आन् कुस्ती हा शब्द चुकीचा?”

“चुकीचा नाही, पण सूचीत चालत नाही. एका गोष्टीला एकच मान्य शब्द असतो. बाकीच्यांपुढे ‘पाहा’ लिहून वाचकाला तिकडे पाठवायचं. दोन्ही शब्द चालणारे असतील, तर ‘हेही पाहा’ लिहितात.”

“मग लिवा की ‘हेही’! आमच्या तालमीत मल्लविद्या कुणी म्हनत न्हाई. आमचा शब्द आमाला ठेवा, तुमचा तुमाला.”

नियम तो नियम, असं तिने त्याला ठणकावलं होतं. तो रोज येऊन भांडला, वर्षभर भांडला, आणि शेवटी लग्नाचं विचारून गेला. कार्ड काही तिने बदललं नाही.

धामणकर गेल्यावर शैलजाने संगणकावर ती नोंद काढली. बरोबरी, पाहा शैलजा. खाली मान्यतेची तारीख आणि तिचं स्वतःचं नाव होतं. दिवसभर तो तिच्याकडे बघून तो शब्द म्हणायचा, म्हणून यंत्राने सुचवलं आणि तिने मान्य केलं. कुस्ती निकालाविना सुटली की म्हणायचा तो शब्द, तिचं नाव शोधताना चुकून हाती लागत असेल, असं तिने धरलं होतं. तिने पुढची नोंद घेतली होती. सूचीकार पुस्तक वाचत नाही. नाव बघायचं, अनुक्रमणिका चाळायची आणि विषय लावून मोकळं व्हायचं. वाचत बसलं तर ढीग कधी संपणार? नवऱ्याचं आयुष्यही तिने असंच चाळून लावलं होतं. त्याची मैदानं यंत्राने ऐकली होती. तिने एकही ऐकलं नव्हतं.

संसाराच्या एवढ्या वर्षांत ती कधी मैदानातही गेली नव्हती. बायका जात नसत हे एक, आणि तो गलका तिला सोसायचा नाही हे दुसरं.

त्या दुपारी ती कानाला हेडफोन लावून बसली. बरोबरी हा शब्द जिथे जिथे आला होता तिथलं एकेक चित्रण तिने लावलं. बहुतेक ठिकाणी तो नुसता निकाल होता. मग एका जत्रेचं मैदान लागलं. दोन गडी अर्धा तास झुंजले होते, निकाल लागत नव्हता, आणि पंचांनी कुस्ती सोडवल्यावर लोक ओरडत होते, पैसे फुकट गेले म्हणून. त्या आरडाओरड्याच्या वर जोतीरामचा आवाज चढला.

“गप बसा, मंडळी! बरोबरी म्हंजे न झालेली कुस्ती न्हवं! घाम बघा त्यांचा. माती बघा अंगावरची. एकमेकाचा जोर पुरा खाल्लाय दोघांनी, आन् तरी दोघंबी उभी हायती. पडलं कोन? कुनीच न्हाई. म्हनून तर पंच दोघांचा हात वर करतोय. असा जोड नशिबानं मिळतो. वाजवा टाळ्या!”

शैलजाने ते पुन्हा लावलं. पुन्हा एकदा लावलं. मग तिने हेडफोन काढून ठेवले. रडू आवरत नव्हतं आणि आवरायचंही नव्हतं. आठ महिने तो माणूस तिच्याकडे बघून हे सगळं एका शब्दात सांगत होता. आणि तिने बनवलेलं यंत्र दर वेळी ते खोडून तिचं नाव लिहीत होतं. नाव तर पोस्टमनलाही ठाऊक असतं.

ती आतल्या खोलीत गेली. जोतीराम पलंगावर बसून होता.

“अहो,” ती म्हणाली, “ऐकलं मी आज.”

त्याने संशयाने तिच्या हाताकडे पाहिलं. हातात पट्टी नव्हती.

“बरोबरी?” त्याने विचारलं.

“हो,” ती म्हणाली. आणि त्याचा आवाज, त्याचा स्वतःचा, जरासा घोगरा झालेला, आपण किती महिन्यांनी कान देऊन ऐकला, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

नियाजला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला.

“मॅडम, एक शब्द चुकला. एक नोंद बदला ना! सगळी सूची कशाला उलटीपालटी करता?”

“मला एकच ऐकू आला, नियाज. बाकीच्या दोन हजारांत असे किती असतील, सांगू शकतोस?”

“म्हणून सगळीकडे ‘हेही पाहा’?”

“सगळीकडे. माणूस जो शब्द बोलेल तो आधी त्याचा त्याला बोलू द्यायचा. त्याच्या तोंडाने, त्याच्या आवाजात. पट्टीने मध्ये पडायचं नाही. त्याने पट्टीला बोट लावलं, तरच दुसरा शब्द पुढे करायचा. आणि नोंद मान्य करायला घरचं माणूस शेजारी बसलं पाहिजे. ऐकत.”

“परीक्षक मोजतात ते यंत्राने दुरुस्त केलेले शब्द. मार्क ढासळतील. पुरस्कार गेला म्हणजे रुग्णालयं गेली. किती लोक वाट बघतायत, मॅडम! आणि घरच्यांना शेजारी बसायला वेळ कुठे आहे?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चहाला चहा म्हणता येणं ही लहान गोष्ट नव्हे, ते तिने स्वतः रडून अनुभवलं होतं.

“एखादी आई मुलाला भलत्याच नावाने हाक मारत असेल,” ती हळूच म्हणाली. “आपण ते पुसून टाकू, आणि त्या घराला कधी कळणारही नाही की काय पुसलं गेलं. मला तरी कुठे कळलं होतं?”

नियाजने पट्टी हातात घेतली. “आमचे आजोबा म्हणायचे,” तो म्हणाला, “जवारी उतरली की तार वाजते, पण सतार बोलत नाही.” जवारी म्हणजे सतारीच्या तारा टेकतात त्या घोडीला बारीक घासून दिलेला उतार, ज्यामुळे सुराला झंकार येतो. “ठीक आहे. कळवा परिषदेला. पण मार्क तुम्हीच वाचून दाखवायचे, माझ्यात तेवढी हिंमत नाही.”

शैलजाने कळवलं. आधीची चाचणी रद्द समजा, सूची चुकली होती, चूक माझी होती. धामणकर पुन्हा आले. या वेळी जोतीरामने पट्टी आपण होऊन गळ्यात बांधून घेतली, मान वर करून बोलला, आणि बरेच शब्द मनाला येतील ते बोलला. शंभरात एकाहत्तर. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. जाताना त्याने धामणकरांना “या हो, भोपळा घेऊन या” असं प्रेमाने सांगितलं. पट्टीने विचारलं नाही, त्यानेही बोट लावलं नाही. भोपळा म्हणजे वहिनी की मुलंबाळं, हे धामणकर वाटभर शोधत गेले असतील.

समारंभ पुण्यात होता. सभागृह मोठं, खुर्च्या मऊ, भाषणं त्याहून मऊ. पहिल्या रांगेत शैलजा, शेजारी काठी धरून जोतीराम, त्याच्यापलीकडे नियाज. शैलजाने आशा सोडली होती. मनाची तशी समजूत घालून ती आली होती. तरी अध्यक्षबाई पाकीट उघडायला लागल्या तेव्हा तिने पदर सावरलाच.

“समितीत फार वाद झाले,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “एका यंत्राने स्वतःचे गुण स्वतः कमी करून घेतले. असं आमच्यापुढे कधी आलं नव्हतं. निम्मे सदस्य म्हणाले, हे अपयश आहे. निम्मे म्हणाले, माहितीशास्त्र याच्यासाठीच असतं. एकमत झालं नाही. म्हणून यंदाची सुवर्णसूची, मोडी कागद वाचणारं यंत्र करणाऱ्या चंद्रपूरच्या डॉ. तन्वी बोरकुटे आणि मिरजेच्या श्रीमती शैलजा मगदूम यांना विभागून देण्यात येत आहे. बोलपट्टीचं हे सावकाश रूप आरोग्य खातं निवडक रुग्णालयांत लावून पाहील.”

टाळ्या पडल्या, पण जरा जपूनच. मागून कुणीतरी म्हणालंही, “विभागून म्हणजे अर्धाच की.” शैलजा मंचावर गेली. तन्वीने तिला वाकून नमस्कार केला. मानचिन्ह एकच होतं, ते दोघींनी मिळून धरलं. खोटं कशाला बोला, शैलजाला थोडं लागलं होतं. अर्धा पुरस्कार, निवडक रुग्णालयं, आणि बाकीचे लोक वाट बघत राहणार.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

“बरोबरी!”

हलगीच्या वर चढणारा आवाज होता तो. दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता. सगळं सभागृह वळलं. जोतीराम उठून उभा राहिला होता. गळ्यातली पट्टी गप्प होती. तिला आता तो शब्द ठाऊक होता, आणि त्यापुढे काही सांगायचं नाही हेही ठाऊक होतं.

तो काठी टेकत पायऱ्या चढू लागला. नियाज धावला, त्याला त्याने मानेनेच थांबवलं. वर जाऊन त्याने काठी टेबलाला टेकवली, निवेदन करणाऱ्या मुलीपुढे हात केला आणि तिने बिचारीने न विचारता माईक दिला.

“मंडळी,” तो म्हणाला, आणि अडला. लोक वाट बघत होते. शैलजाही वाट बघत होती. त्याने पट्टीला बोट लावलं नाही. “न झालेली... न्हाई. न्हवं. घाम. जोर... पुरा. पडलं? कुनी न्हाई.” त्याने तिच्याकडे बघितलं. “दोघंबी. उभी.”

मग माईक मुलीच्या हातात देऊन त्याने डाव्या हाताने शैलजाचं मनगट धरलं आणि तिचा हात वर केला, मैदानात पंच करतो तसा. त्याचा उजवा हात मात्र खाली लोंबत राहिला. तो हात त्याच्याने उचलला जाणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं.

शैलजाने मानचिन्हावरचा आपला हात काढला. तन्वीने ते घट्ट छातीशी धरलं. शैलजा वळली, त्याचा लुळा हात मनगटाशी पकडला आणि डोक्याच्या वर उचलून धरला. तो चांगलाच जड होता.

आता टाळ्या जपून पडत नव्हत्या. मागच्या रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली, आणि पुण्यातल्या त्या मऊ खुर्च्यांतली माणसं जत्रेतल्यासारखी उभी राहिली.

“अहो, झालं आता,” थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली. “हात दुखेल तुमचा.”

“छत्री,” जोतीराम म्हणाला. तिने त्याचा हात अलगद खाली आणला आणि त्याच्या खिशातला चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला.